गाऱ्हाणं आणि तक्ता

नागपूरच्या धरमपेठेत, व्हीआयपी रोडवरच्या वनामतीच्या आवारात सकाळी दहालाच गर्दी जमली आहे. वसंतराव नाईकांच्या नावाची ही संस्था एरवी कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देते. आज तिच्या सभागृहाच्या दारावर कापडी फलक झळकतोय: वीजदर याचिकेवरील जाहीर सुनावणी. फाटकाशी पोलिसांची गाडी, तिच्यापलीकडे घोषणांचा सराव करणारे कार्यकर्ते, आणि झाडाखाली दुचाक्या लावून कागद चाळणारे बाकीचे. कुणाच्या हातात वीजबिलांचा गठ्ठा, कुणाच्या हातात वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनेचं कात्रण.

दाराशी टेबल टाकून महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे कर्मचारी नावं नोंदवतायत.

"लेखी हरकत पाठवली होती का?"

"नाही जी."

"मग इथे लिहून द्या. तोंडी पण बोलता येईल. नाव, गाव, ग्राहक क्रमांक."

टेबलाच्या कडेला याचिकेच्या प्रती ठेवल्या आहेत. मूळ संच इंग्रजीत, जाडजूड, पानोपानी तक्ते. मराठी सारांश मात्र पातळ. येणारा जो तो पातळ पुस्तिका उचलतो आणि शेवटच्या पानांकडून चाळायला लागतो. युनिटमागे किती वाढणार, एवढंच त्याला आधी बघायचं असतं. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ तेवढे जाड संच मांडीवर घेऊन बसलेत आणि समासात पेन्सिलीनं खुणा करतायत.

साडेदहाला व्यासपीठावरच्या तीन खुर्च्यांवर अध्यक्ष आणि दोन सदस्य येऊन बसतात. सभागृह उभं राहतं, बसतं. हे न्यायालय नव्हे, पण थाट थोडा तसाच आहे. आयोगाला अर्धन्यायिक अधिकार आहेत. डाव्या बाजूला वितरण कंपनीचे अधिकारी, समोर लॅपटॉप आणि फायली. उजवीकडे टिपणं घेणारे. मधल्या मोकळ्या जागेत एक माईक. आजचा दिवस त्या माईकचा.

अध्यक्ष सुरुवातीलाच सांगतात, "आज निर्णय होणार नाही. आज आम्ही ऐकणार आहोत. आधीच्या माणसानं मांडलेला मुद्दा तोच असेल, तर 'सहमत' एवढं म्हणा. तेही लिहून घेतलं जाईल."

हे ऐकणं कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. २००३ च्या वीज कायद्याचं ६४ वं कलम तसं बांधून घालतं. दर ठरवून हवा असेल तर कंपनीनं अर्ज करायचा, तो लोकांसमोर प्रसिद्ध करायचा, आणि आलेल्या सगळ्या सूचना-हरकतींचा विचार करून आयोगानं १२० दिवसांत आदेश द्यायचा. राज्याचा आयोग १९९९ साली स्थापन झाला. तेव्हापासून दराचा प्रश्न निघाला की आयोग मुंबईतलं कार्यालय सोडून विभागाविभागांत जातो: पुणे, नाशिक, संभाजीनगर, अमरावती, नवी मुंबई आणि नागपूर.

आधी कंपनीचं सादरीकरण. दिवे मंद होतात, पडद्यावर आकडे उमटतात. वीजखरेदीचा खर्च, पारेषणाचा खर्च, मागच्या वर्षांची तूट, पुढच्या वर्षांची महसुली गरज. सगळं कोटींत. अधिकारी संथ, सवयीच्या आवाजात वाचतायत. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, "युनिटमागे किती ते सांगा ना बाप्पा!" हशा पिकतो. अध्यक्ष हात वर करतात, अधिकारी पुढची पाटी लावतात.

मग नावं पुकारली जातात.

पहिला माईक कार्यकर्त्यांचा. नेत्याचा आवाज तयार आहे, त्याला माईकची गरजही नाही. दरवाढ म्हणजे लूट आहे, याचिका फेटाळा, नाहीतर रस्त्यावर उतरू. मागून घोषणा, टाळ्या, दोन मिनिटं सगळं सभागृह दुमदुमतं. मी टिपणं घेणाऱ्या बाईंकडे बघतो. इतक्या गदारोळात त्यांनी एकच ओळ लिहिली आहे. घोषणा संपतात, नेता कॅमेऱ्यांकडे वळतो आणि बाहेर पडतो. त्याच्यासोबत एक सबंध रांग रिकामी होते.

मानेवाड्याच्या एक बाई येतात. पदर खोचलेला, हातात बिल. "घरातच पार्लर आहे माझं, समोरच्या खोलीत. तपासायला आलेल्यानं पाटी बघितली आणि बिल व्यावसायिक करून टाकलं. आता पार्लरचं येतं ते बिलातच जातं."

"महिन्याचे युनिट किती होतात?" अध्यक्ष विचारतात.

"दोनशेच्या आतच राहते, सर."

अध्यक्ष डावीकडे वळतात. "घराच्या एका भागात व्यवसाय असेल, वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षात ३६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुतीच दर लागतो. आमच्या दरआदेशात हे लिहिलेलं आहे. इथे का नाही लागला?"

"तपासून सांगतो, सर."

"मला नको. यांना लेखी कळवा, प्रत आम्हाला."

बाई बसतात. त्यांचं काम बहुधा होईल, पण धोरण त्यानं हलणार नाही. नियम होताच, तो पाळला गेला नव्हता. अशा एकेका ग्राहकाच्या तक्रारीसाठी तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहेत. आज सकाळपासून निम्म्याहून जास्त लोक त्याच वाटेचं गाऱ्हाणं इथे घेऊन आलेत. वाकलेला खांब, जळालेली डीपी, चुकीचं नाव. आयोग त्यांना अडवत नाही. बिल एकच येतं, म्हणून माणूसही सगळं एकदमच घेऊन येतो. त्यातलं मंचाचं काय, शासनाचं काय आणि आयोगाचं काय, हे निवडणं व्यासपीठावरच्या तिघांचं काम.

चंद्रपूरहून आलेले एक निवृत्त शिक्षक माईकसमोर उभे राहतात. कागद नाही, पण वाक्यं घोटून आणलेली. "कोळसा आमच्या जमिनीतला. पाणी आमच्या नद्यांचं. राख आमच्या छपरावर. २९२० मेगावॉटचं केंद्र आमच्या उशाशी आहे. उन्हाळ्यात आम्ही ४५ अंशांत भाजून निघतो, त्यात वीज परवडत नाही म्हणून कूलर बंद ठेवतो. वीज बनते इथं, आणि दर मात्र पुण्या-नाशिकचाच. हा कोणता न्याय?"

टाळ्या यावेळी खऱ्या आहेत. कंपनीचे अधिकारीसुद्धा मान खाली घालून ऐकतायत. एक सदस्य माईक जवळ ओढतात.

"सर, कायद्याच्या ६२ व्या कलमात दरात फरक करायची जी कारणं दिली आहेत, त्यात भौगोलिक स्थान आहे. त्यामुळे तुमची मागणी कायद्याबाहेरची नाही. आता मला पुढचं सांगा. विदर्भाला दर कमी केला, तर जो पैसा कमी पडेल तो कुणाकडून घ्यायचा?"

शिक्षक क्षणभर थांबतात. "सरकारनं द्यावा."

"सरकारला अनुदान देता येतं. ६५ वं कलम त्यासाठीच आहे, आणि ती रक्कम सरकारनं आगाऊ भरायची असते. पण ते ठरवणं आमच्या हातात नाही. आमच्या हातात एकाचा दर कमी करून दुसऱ्याचा वाढवणं एवढंच आहे. तो दुसरा कोण, हे तुम्ही लेखी सुचवा. विचार करू."

सभागृहात चुळबुळ होते. मागे कुणीतरी पुटपुटतं, "उत्तर तर देऊन राहिले, पण देऊन काहीच नाई राहिले." मला मात्र हा प्रश्न टोलवाटोलवीचा वाटत नाही. नियामकाच्या ताटात जेवढं आहे तेवढंच वाढता येतं. एकाच्या पानात घास जास्त पडला की दुसऱ्याच्या पानातला कमी होतो. शिक्षकांचं दुःख अस्सल आहे, पण कुणाच्या पानातला घास कमी करायचा ते त्यात नाही. आणि आदेशात दुःख घालायला रकाना नसतो.

पुढचं नाव काटोल तालुक्यातलं. धोतर, डोक्याला दुपट्टा, वय सत्तरीकडे झुकलेलं. माईक त्यांच्यासाठी खाली करावा लागतो.

"सायेब, मी कास्तकार माणूस. संत्र्याची बाग हाये. पाच एचपीची मोटर हाये. आता सरकारनं बिल माफ केलं, तं बिल शून्य येते."

"मग तक्रार कशाची, काका?" मागून कुणीतरी विचारतं. हशा.

"थांबा जी, सांगू द्या न." म्हातारा हसणाऱ्यांकडे बघतही नाही. "बिल शून्य येते, पन त्याच्यावर युनिट छापून येते. माह्यं मीटर बंद हाये. कईपासून बंद हाये ते मलेच आठवत नाई. पायाले कोनी येत नाई. मंग युनिट कुठून आले? पावसाळ्याच्या महिन्यात मोटरले हात बी लावला नाई, तं त्या महिन्यात बी युनिट. मले पैसे द्याचे नाई, मान्य. पन जे वापरलं नाई ते माह्या नावावर काहून?"

हशा थांबलेला आहे. अध्यक्ष पुढे वाकतात. "बिल आणलंय का?"

दुपट्ट्याच्या टोकातली घडी सुटते. कागद हातोहात व्यासपीठावर जातो. अध्यक्ष तो बघतात, शेजारच्या सदस्यांकडे सरकवतात. ते चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतात आणि स्वतःच्या वहीत काहीतरी लिहितात. टिपणं घेणाऱ्या बाईंचा पेन पहिल्यांदाच सलग चालतोय.

"ठीक आहे काका. बसा."

"बसतो. पन मीटरचं काय?"

"नोंद घेतली आहे."

ते नाराजीनंच बसतात. नोंद घेणं म्हणजे टाळणं, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव असावा.

दुपारच्या सुट्टीत आवारात पोहे-तर्रीच्या प्लेटांभोवती घोळके जमतात. एरवी ज्यांची गाठ पडणार नाही अशी माणसं इथे एका रांगेत उभी आहेत: गिरणीवाला, वकील, सरपंच, कंपनीचा कार्यकारी अभियंता. तो अभियंता एका ओळखीच्या ग्राहकाला समजावतोय, की वसुली झाली नाही तर तारा बदलायला पैसा कुठून आणायचा. त्याचीही बाजू आहे. वीज विकत घेतानाच बहुतेक पैसा संपतो आणि शिव्या खायला शेवटच्या खांबाशी उभा राहतो तो हाच. कोपऱ्यात एक तरुण गडचिरोलीहून आल्याचं सांगतोय. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, पहाटेची बस. त्याच्या गावातून दुसरं कुणी येऊ शकलं नाही. ज्यांची वीज सगळ्यात जास्त वेळ गायब असते, त्यांनाच या माईकपर्यंतचा रस्ता सगळ्यात लांब पडतो. सहा शहरांत सुनावणी घेतल्यानं हे अंतर कमी झालंय, मिटलेलं नाही.

दुपारचं सत्र आकडेवाल्यांचं. गोंदियाच्या भातगिरण्यांचे प्रतिनिधी म्हणतात, शेजारच्या छत्तीसगडातल्या गिरण्यांशी आम्हाला टक्कर द्यायची आहे, दर असाच राहिला तर यंत्रं तिकडे न्यावी लागतील. छपरावर सौर पॅनेल बसवलेले एक निवृत्त बँक अधिकारी विचारतात, दिवसा माझ्या छतावर तयार झालेलं युनिट माझ्या रात्रीच्या वापरातून वजा होणार की नाही? त्यांनी स्वतःच्या बिलावर गणित करून आणलंय, त्याच्या प्रतीही काढल्यात. सदस्य त्यातली एक मागून घेतात. स्मार्ट मीटरवर बोलणारे ओळीनं येतात. पहिल्याचं सविस्तर ऐकलं जातं, नंतरचे 'सहमत' म्हणतात, पण तेही आवाज चढवून.

आणि मग पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. ते ग्राहक प्रतिनिधी आहेत. कायद्याचं ९४ वं कलम आयोगाला असा प्रतिनिधी नेमण्याची मुभा देतं. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटानं, मुंबई ग्राहक पंचायतीनं, इथल्या विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशननं हे काम केलेलं आहे. कारण उघड आहे. शेकडो पानांची याचिका वाचायला ज्याला वेळ आणि गणित आहे, असा कुणीतरी ग्राहकांच्या बाजूला बसलेला असावा लागतो.

त्यांचा आवाज एकसुरी आहे. टाळी मिळेल असं एक वाक्य नाही. "कृषी विक्रीचा तक्ता बघावा," ते म्हणतात, आणि पानं उलटण्याचा आवाज व्यासपीठावरून येतो.

मुद्दा असा. कंपनीनं किती वीज घेतली, हे मोजलेलं असतं. चालू मीटरवर किती विकली, तेही मोजलेलं असतं. मधल्या फरकाचे दोन वाटेकरी: एक, मीटर नसलेले किंवा मीटर बंद पडलेले शेतीपंप, दुसरी, गळती आणि चोरी. पंपांचा वापर फीडरवरच्या नोंदी आणि अश्वशक्ती यांवरून अंदाजानं धरला जातो. तो अंदाज वर सरकला की गळती आपोआप खाली सरकते. कंपनी कार्यक्षम दिसते, शेतकरी उधळा दिसतो, आणि त्या उधळपट्टीपोटी उद्योगांचा दर नि सरकारचं अनुदान दोन्ही फुगतात.

हा वाद जुना आहे. आयोगाच्या सुरुवातीच्या वर्षांत, अखंड वीज मंडळाच्या काळात, दराचा पहिला हिशेब चारचौघांत तपासला गेला, तेव्हाच मंडळ आधी सांगत होतं त्याहून कितीतरी जास्त गळती कागदावर आली होती. २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या. प्रश्न नव्या नावानं चालू राहिला. सुनावणीमागून सुनावणीत लोक तोच तक्ता उकरत राहिले. शेवटी आयोगानं शेतीच्या वीजवापराचा अभ्यास करायला कार्यगट बसवला, आणि २०२० च्या दरआदेशात शेतीचा वापर कमी करून गळतीचा आकडा वाढवून धरला. एक हरकत धोरण व्हायला वीस वर्षं लागली.

प्रतिनिधी थांबतात. सकाळी चष्मा कपाळावर चढवणारे सदस्य वही उघडतात आणि कंपनीकडे वळतात.

"काटोलच्या शेतकऱ्यांचं बिल मी सकाळी पाहिलं. मीटर बंद आहे आणि युनिट छापलेले आहेत. हे युनिट या तक्त्यात धरलेत का?"

अधिकारी आपसांत बोलतात. "हो सर. बंद मीटरला सरासरी लागते."

"सरासरी कशाची? कोणत्या वर्षाची? पावसाळ्यात तीच का? या विभागात असे बंद मीटर किती, हे तालुकावार द्या. आणि ते युनिट वगळले तर गळती किती होते, तो हिशेब वेगळा द्या."

सभागृहात बऱ्याच जणांना नेमकं काय झालं ते कळलेलं नाही. टाळ्या नाहीत. काटोलचे काका तर डुलकीत आहेत. पण सकाळी ज्या गाऱ्हाण्यावर लोक हसले होते, ते आता याचिकेतल्या एका तक्त्यावरचा प्रश्न झालेलं आहे. त्याला मुदतीत लेखी उत्तर द्यावं लागणार. पेन्सिलवाल्या प्रतिनिधींकडे तक्ता होता, पण बंद मीटरचं बिल नव्हतं. काकांकडे बिल होतं, पण तक्त्याची वार्ता नव्हती. सुनावणीचं मोल मला इथे दिसतं. दोन्ही कागद एका खोलीत आले, आणि दोन्ही वाचू शकणारा माणूस खुर्चीवर होता. तो नसता, तर दोघंही बोलून गेले असते आणि टिपणांत दोन वेगळ्या ओळी पडल्या असत्या.

साडेपाच वाजतात. अध्यक्ष आवरतं घेतात: कंपनीनं प्रत्येक हरकतीला उत्तर द्यावं, आदेश राखून ठेवला आहे. हा आदेश निघेल तेव्हा वर्तमानपत्रं त्यातून युनिटचा आकडा उचलतील. पण त्या इंग्रजी जाडजूड दस्तऐवजात एक प्रकरण असतं, ज्याची मांडणी ठरलेली असते: हरकतदारांचं म्हणणं, त्यावर कंपनीचं उत्तर, आणि त्यावर आयोगाचा निर्णय. मान्य असेल तर का, अमान्य असेल तर का. लोकांचं खरोखर ऐकलं की ऐकल्यासारखं केलं, हे या तिसऱ्या भागात उघडं पडतं. तिथे कारण दिलेलं असेल तर ते दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणातही तपासता येतं. 'आयोगाने नोंद घेतली आहे' एवढ्यावरच भागवलेलं असेल, तर समजावं की माईक नुसताच चालू होता.

बाहेर नोंदणीचं टेबल आवरलं जातंय. काटोलचे काका तिथे येऊन उभे राहतात.

"निकाल कई लागन?"

"आदेश येईल, काका. मागच्या यादीत तुमचं नाव पण येईल."

"नावाचं काय करू? मीटर बसवून द्या म्हना."

कर्मचारी गुंडाळत आणलेला कोरा कागद पुन्हा उलगडतो आणि पेन पुढे करतो. "मग तेच लिहा. युनिटची हरकत वेगळी, मीटरची वेगळी. दोन आकडे टाका, एक आणि दोन. एकात घातलं, तर ते एकाचंच उत्तर देतात."